अध्यक्षांची मान आणि नियम चौदा

नियम चौदा, पोटनियम ब. प्रत्येक सभासदाने दर पाच वर्षांनी परीक्षकासमोर, फक्त आपल्या हातांनी, एखाद्याची आखडलेली मान, पाठ किंवा बरगडी मोकळी करून दाखवावी. जो दाखवणार नाही त्याचं सभासदत्व आपोआप संपेल.

*

हॉटेलात उशांचंही मेन्यूकार्ड होतं. पाच प्रकार. आर्लीनने दोन नंबरची मागवली, बदकाच्या पिसांची. तिच्या नवऱ्याने चार नंबरची. चार नंबरपुढे लिहिलं होतं, 'मानेला आधार देणारी'.

*

हृदयाचे डॉक्टर थॅड ब्रुबेकर यांनी गेल्या पाच वर्षांत मोकळ्या केलेल्या रक्तवाहिन्या: अकराशेच्या वर. मोकळ्या केलेल्या माना: एक.

*

तळ्यावर धुकं. धुक्यात होडी. होडीतला माणूस मासा लागल्यासारखा ओरडला आणि मग गप्प झाला.

*

"डेल, मी इकडे आहे."

"माहीत आहे."

"मग इकडे बघून बोल ना."

"येत नाहीये बघता."

*

शनिवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी मिसुरी राज्याच्या ऑस्टिओपॅथिक फिजिशियन मंडळाचे अध्यक्ष डॉ. डेलमार प्रुइट पलंगाच्या काठावर बसले होते. अंग दाराकडे होतं, तोंड खिडकीकडे. मान डावीकडे वळली होती आणि तिथेच थांबली होती. उजवीकडे आणायला गेलं की कानापासून खांद्यापर्यंत कुणीतरी तार खेचल्यासारखं व्हायचं.

"हात लावू?" आर्लीनने विचारलं.

"नको!"

"अरे, पण खाली सव्वाशे जण आहेत मान मोकळी करणारे. कुणालाही बोलाव. पाच मिनिटांचं काम."

हेच तर दुखणं होतं.

ऑस्टिओपॅथिक डॉक्टर म्हणजे बाकीच्यांसारखाच पुरता डॉक्टर. पण त्याला शिकतानाच वर दोनेकशे तास हातांची विद्या शिकवतात. मान, पाठ, बरगड्या चाचपायच्या, कुठे अडलंय ते बोटांनी ओळखायचं आणि बोटांनीच सोडवायचं. पुढे यातले काही जण हृदयाचे तज्ज्ञ होतात, काही पोटाचे, काही प्रुइटसाहेबांसारखे किडनीचे, आणि मग हातांनी मुख्यतः सह्या करतात. विद्या विसरू नये म्हणून मंडळाने नियम चौदा केला होता. तो प्रुइटसाहेबांनी लिहिला होता. त्यांच्या नावावर पुस्तक नव्हतं, इमारत नव्हती, किडनीच्या कुठल्या रोगाला त्यांचं नाव दिलं गेलं नव्हतं. होता तो नियम चौदा.

आणि आज नऊ वाजता सर्वसाधारण सभेत नियम चौदा रद्द करण्याचा ठराव येणार होता.

ठराव मांडणारा होता कर्टिस वेंडलिंग. दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावात दवाखाना चालवणारा, पन्नाशीचा, फार न बोलणारा माणूस. त्याच्यामागे मंडळातली सगळी तरुण मंडळी. प्रुइटसाहेबांनी भाषण तयार ठेवलं होतं, 'आपले हात, आपली ओळख'. ते अशा मानेने करायचं? मानेच्या वैद्यांच्या सभेत अध्यक्षच मान वाकडी करून आला, आणि सव्वाशे जणांत ती सरळ करणारा एक निघाला नाही, तर ठरावाची गरजच उरणार नव्हती. नियम आपोआप हसण्यावारी गेला असता.

"थॅडला बोलाव," ते खिडकीला उद्देशून म्हणाले. "आणि कुणाला सांगू नको म्हणावं."

*

थॅड ब्रुबेकर मासेमारीच्या जाकिटातच आला. तीस वर्षांचा मित्र, नियम चौदाचा खंदा समर्थक.

"चक्कर येतेय?"

"नाही."

"हातात मुंग्या?"

"नाहीत."

"एकाच्या जागी दोन दोन दिसतंय?"

"दोन कुठलं थॅड, अर्धंच दिसतंय!"

ब्रुबेकरने स्टेथोस्कोप काढला आणि मानेवर ठेवून बराच वेळ ऐकलं. मग तो दोन पावलं मागे सरला.

"धमनी असू शकते."

"काय?"

"मानेतली धमनी आतून चिरली असली तर अशीच मान धरते. मी पाहिलीये एक केस. एकदम ठणठणीत माणूस होता."

"होता?" आर्लीन म्हणाली.

"थॅड," प्रुइटसाहेब म्हणाले, "तू परीक्षेत मानच मोकळी करून दाखवतोस ना? तेच कर."

ब्रुबेकर कार्पेटकडे बघत राहिला. "डेल, खरं सांगू? परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी सात पायऱ्या नावांसकट पाठ करतो. सोफ्याच्या उशीवर सराव करतो. परीक्षा झाली की विसरतो."

"आणि ज्याची मान मोकळी करतोस त्याचं काय?"

"ती आखडलेली नसतेच रे. ती इमोजीन ल्युट्झची असते. मग इमोजीन माझ्या मानेवर परीक्षा देते. आम्ही दोघंही पास होतो."

खिडकीबाहेर धुकं विरत चाललं होतं. प्रुइटसाहेबांना ते विरताना नीट दिसत होतं, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं.

*

थॅडने बोलावलेल्या डॉ. इमोजीन ल्युट्झ आल्या त्या दारातूनच नाकावर मास्क चढवत. त्या संसर्गजन्य रोगांच्या.

"हनुवटी छातीला लाव."

"लागत नाही."

त्यांनी ब्रुबेकरकडे अर्थपूर्ण पाहिलं. "ताप?"

"नाही गं."

"येईल. डेलमार, आठवून सांग. गेल्या दहा दिवसांत कुठल्या गुहेत गेला होतास? वटवाघळं? गोचीड चावली? कच्चं दूध?"

"मी रोज डायलिसिस सेंटरला जातो आणि घरी येतो!"

"डायलिसिस सेंटर," असं म्हणत ल्युट्झबाईंनी वहीत लिहून घेतलं.

"उशीमुळे झालंय," आर्लीन म्हणाली.

"पाठीतलं पाणी काढून तपासायला हवं," ल्युट्झबाई म्हणाल्या.

"आधी धमनीचा स्कॅन," ब्रुबेकर म्हणाला.

"मेंदूचा ताप असेल तर स्कॅनपर्यंत थांबणार आहेस?"

"धमनी असेल तर तू सुई टोचत बसणार आहेस?"

"अहो, उशी," आर्लीनने उशी उचलून दोघांच्या मधे धरली. "ही बघा. विटेसारखी आहे. काल रात्री मी याला म्हटलं, दोन नंबरची घे. याने ऐकलं नाही."

दोघांनी उशीकडे नम्रपणे पाहिलं. त्यांच्या कुठल्याच यादीत उशी नव्हती. मोठ्या आजारांची ज्यांना सवय असते त्यांना लहान आजार दिसतच नाहीत. समोरून रोज जाणाऱ्या शेजाऱ्याचं नाव माहीत नसावं तसं. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. अँब्युलन्स. हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर होतं.

"अँब्युलन्स हॉटेलच्या दारात आली तर सगळे विचारतील काय झालं," प्रुइटसाहेब म्हणाले. "काय सांगाल? मंडळाच्या अध्यक्षांची मान अवघडली? आणि वरच्या मजल्यावर मंडळाचे दोन ज्येष्ठ सभासद तिला हात लावायला घाबरले?"

ब्रुबेकरने स्टेथोस्कोप गुंडाळून खिशात घातला.

"इमोजीन, तू तरी..."

"मला बरगडी येते," ल्युट्झबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "म्हणजे, यायची."

"आणि डेल," ब्रुबेकर म्हणाला, "तू स्वतः शेवटची खरोखर आखडलेली मान कधी मोकळी केलीस?"

प्रुइटसाहेबांनी हिशेब केला. एकोणीसशे एक्क्याण्णव. मेहुण्याची. मेहुणा अजून त्यावरून बोलतो.

*

नऊला दहा कमी असताना मंडळाच्या कचेरीच्या ऱ्होंडा फेसलर कार्यक्रमपत्रिका घेऊन वर आल्या. सव्वीस वर्षं त्यांनी मंडळ चालवलं होतं. अध्यक्ष दरवर्षी बदलत. त्यांनी एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. अध्यक्षांचं रिबिनीला अडकवलेलं जड पितळी पदक त्यांनी खुंटीवर टोपी टांगावी तसं त्यांच्या गळ्यात घातलं.

"डॉक्टर, खुर्ची तिरकी केली तर? अंग उजवीकडे, म्हणजे तोंड समोर येईल."

त्यांनी तिथेच खुर्ची तिरकी करून पाहिली. प्रुइटसाहेब तिच्यावर बसले तेव्हा ते लग्नाच्या फोटोसाठी बसवलेल्या नवरदेवासारखे दिसायला लागले.

"नको," ऱ्होंडाबाईच म्हणाल्या. "सरळच बसा. फार हलू नका. मी आवाज देईन तेव्हा हातोडा आपटा."

*

सभागृहात मधे वाट होती आणि दोन्हीकडे खुर्च्या. अध्यक्षांच्या उजव्या हाताला ज्येष्ठ मंडळी, कारण कॉफी तिकडे होती. डाव्या हाताला तरुण मंडळी, कारण फोन चार्ज करायचे प्लग त्या भिंतीत होते. म्हणजे नियम राहावा म्हणणारे सगळे उजवीकडे आणि जावा म्हणणारे सगळे डावीकडे.

अध्यक्षांचं तोंड डावीकडे.

पहिली दहा मिनिटं निभावलं. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं. "मंजूर?" ऱ्होंडाबाईंनी विचारलं. अध्यक्षांनी मान डोलावायची असते. त्यांनी भुवया डोलावल्या.

मग ठराव आला आणि हात वर झाले. डावीकडे सहा, उजवीकडे अकरा. नियम असा की अध्यक्ष ज्याचं नाव घेतील त्याने बोलायचं. प्रुइटसाहेबांना दिसत होते ते फक्त सहा. त्यांनी एका तरुण बाईंचं नाव घेतलं. नियम चौदा म्हणजे ढोंग आहे, असं त्या बोलल्या. मग आणखी एकाचं. तो म्हणाला, ढोंग हा सौम्य शब्द झाला. उजवीकडे खुर्च्या करकरायला लागल्या.

"अध्यक्षमहाराज, इकडेही माणसं बसलीत!" उजवीकडून कुणीतरी ओरडलं.

प्रुइटसाहेबांनी डोळे जमतील तेवढे उजवीकडे नेले. मान डावीकडे आणि बुबुळं उजव्या कोपऱ्यात. आपल्याच माणसांना ती नजर फार तुच्छतेची वाटली.

"बघा, कसा बघतोय!"

"याला फितवलाय त्यांनी."

"हरकतीचा मुद्दा!" एक वयस्कर डॉक्टर काठी टेकत उठले. "अध्यक्ष आमच्याकडे पाठ फिरवून बसलेत. चाळीस वर्षांत असा अपमान..."

"पाठ नाही," प्रुइटसाहेब भिंतीतल्या प्लगांना म्हणाले, "पाठ समोरच आहे माझी... म्हणजे पाठ मागेच आहे."

सभागृहात कुजबूज वाढली. पहिल्या रांगेत ब्रुबेकर घड्याळ बघून स्वतःचीच नाडी मोजत होता. ल्युट्झबाईंनी मास्क घातला होता आणि त्यांच्या आजूबाजूच्या चार खुर्च्या आपसूक रिकाम्या झाल्या होत्या. मंचावर अध्यक्षांच्या कॉलरखाली घाम, पदकाची रिबीन मानेत रुतलेली, आणि हातातलं 'आपले हात, आपली ओळख' ओलं होऊन त्याचं पहिलं पान दुसऱ्याला चिकटलेलं. प्रुइटसाहेबांना एकच दिसत होतं: नियम जाणार, आणि तो जाताना आपण त्याच्याकडे साधं वळून पाहूही शकणार नाही.

"ठराव मांडणारे, डॉ. वेंडलिंग," ऱ्होंडाबाईंनी पुकारलं.

*

वेंडलिंग डावीकडच्या दुसऱ्या रांगेत उठला. बरोबर अध्यक्षांच्या नजरेच्या टोकाला.

"मित्रहो," तो म्हणाला. "माझ्याकडे ट्रक चालवणारे येतात. गाई पाळणारे येतात. दुपारी चार ते सहा मी फक्त पाठी बघतो..."

तो थांबला. अध्यक्ष त्याच्याकडे एकटक बघत होते.

"...तर हातांना माझा विरोध नाही. विरोध परीक्षेला आहे. मी या परीक्षेत दोनदा नापास झालोय."

ही गोष्ट समोर बसलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हती.

"दोनदा. खऱ्या आखडलेल्या माना होत्या, दोन्ही मोकळ्या केल्या. ती माणसं मान हलवत घरी गेली. मी नापास. सभासदत्व जायच्या आत तिसऱ्या वेळी सात पायऱ्या पाठ करून गेलो. मान काही मोकळी झाली नाही, पण पास झालो." तो पुन्हा थांबला. "अध्यक्षमहाराज, काही म्हणायचंय का तुम्हाला? असलं तर म्हणा. असं बघत राहू नका माझ्याकडे."

"काही नाही. बोला."

"नाही, तुम्ही मघापासून..."

आणि वेंडलिंग बोलायचा थांबला तो थांबलाच. त्याने डोळे बारीक केले. भाषण करणाऱ्या माणसाचा चेहरा गेला आणि तिथे दवाखान्यात दाराशी उभं राहून पेशंट चालत येताना बघणाऱ्या माणसाचा चेहरा आला.

"डेलमार, कधीपासून आहे हे?"

प्रुइटसाहेबांनी नाकारायला तोंड उघडलं. पण सकाळपासून हा प्रश्न असा सरळ कुणी विचारलाच नव्हता.

"सकाळी उठलो तेव्हापासून," ते म्हणाले.

"रात्री ठीक होती?"

"ठीक होती."

"पडला नाहीस, आदळला नाहीस? बोलताना अडखळत नाहीस? दोन्ही हात वर कर बघू. घट्ट दाब माझी बोटं." तो बोलता बोलता मंचावर पोचलासुद्धा होता. "उशी बदललीस का?"

मागच्या दाराजवळून आर्लीनचा आवाज आला, "चार नंबरची!"

वेंडलिंगने खुर्चीमागे उभं राहून तळवे एकमेकांवर चोळले आणि मग मानेला हात लावला. दाबलं नाही, ओढलं नाही. नुसते हात ठेवून तो उभा राहिला, कुलपात किल्ली घातल्यावर माणूस क्षणभर थांबतो तसा. सव्वाशे डॉक्टर उठून उभे राहिले. मागचे खुर्च्यांवर चढले.

"माझ्या हाताला हलकेच रेट. डावीकडेच. आणखी हलकं, मारामारी नाही करायची. धर. सोड. श्वास सोड. पुन्हा रेट."

दुसऱ्यांदा रेटलं, सोडलं. तिसऱ्यांदा. कडकड आवाज झाला नाही, काही झालं नाही. फक्त प्रुइटसाहेबांचं नाक भिंतीवरच्या प्लगांवरून हळूहळू सरकत खिडकीवर आलं, मधल्या वाटेवर आलं, आणि उजवीकडच्या कॉफीच्या थर्मासवर जाऊन थांबलं.

"आज दिवसभर एकदम झटका देऊ नकोस," वेंडलिंग म्हणाला आणि जाग्यावर जाऊन बसला. भाषण पूर्ण करायचं तो विसरला.

*

आता ठराव पडणार हे उघड होतं. ज्याने नियम मोडायला निघावं त्यानेच नियमातली करामत सगळ्यांसमोर करून दाखवली होती. प्रुइटसाहेबांनी दोन्हीकडे बघून घेतलं, पुन्हा एकदा बघून घेतलं. केवढं सुख असतं ते. त्यांनी भाषण केलंच नाही. गरज काय होती?

"ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत."

ऱ्होंडाबाई मोजायला लागल्या आणि मोजता मोजता त्यांचं बोट अडखळलं. डावीकडच्या तरुणांतले निम्मे हात खालीच होते. त्यांनी आज आयुष्यात पहिल्यांदा ही विद्या चालताना पाहिली होती आणि आता त्यांना ती हवी होती, परीक्षेसकट. आणि उजवीकडे? उजवीकडे ज्येष्ठ मंडळी शरमेने लाल होऊन एकेक हात वर करत होती. काठीवाले डॉक्टर. ल्युट्झबाई. आणि सगळ्यात शेवटी थॅड ब्रुबेकर, मित्राची नजर टाळत.

"बाजूने बासष्ट," ऱ्होंडाबाई म्हणाल्या. "विरुद्ध बासष्ट."

मग त्या अध्यक्षांच्या कानाशी वाकल्या. "समान मतं पडली की ठराव पडतो, डॉक्टर. तुम्हाला काही करायचं नाहीये. नुसता हातोडा आपटा."

नियम बचावला होता. प्रुइटसाहेबांना फक्त गप्प बसायचं होतं. सकाळपासून त्यांनी देवाकडे याहून जास्त काही मागितलं नव्हतं.

त्यांनी हातोड्यावर हात ठेवला. मान सावकाश डावीकडे वळवली, दुसऱ्या रांगेपर्यंत. वेंडलिंग खाली बघून फोन चार्जिंगला लावत होता.

"डॉक्टर?" ऱ्होंडाबाई म्हणाल्या.

प्रुइटसाहेबांनी हातोडा खाली ठेवला आणि हात वर केला.

"अध्यक्षांचं मत ठरावाच्या बाजूने," ऱ्होंडाबाईंनी इतिवृत्तात लिहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी शेजारी उद्गारचिन्ह काढलं आणि मग खोडलं.

*

जेवणाच्या सुट्टीत वेंडलिंगच्या टेबलापाशी रांग लागली. त्याचा मासा ताटात गार झाला. पहिला नंबर ब्रुबेकरचा. त्याचा उजवा खांदा सहा वर्षं वर जात नव्हता, गळ टाकताना ओरडावं अशी कळ यायची, पण त्याने हे कधी कुणा डॉक्टरला सांगितलं नव्हतं. त्याच्यामागे वहीपेन घेऊन नऊ तरुण डॉक्टर बघायला उभे होते. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडी आर्लीन चालवत होती.

"स्वतःचा नियम होता तुझा," ती म्हणाली. "जिंकला होतास ना?"

"हो."

"मग?"

"हात आपोआप वर गेला," डॉ. प्रुइट म्हणाले, आणि उजवीकडे मान वळवून मक्याच्या कापलेल्या शेतांकडे बघत राहिले.

*

दोन हजार अकरा सालच्या ऑक्टोबरात डॉ. कर्टिस वेंडलिंग यांना दुसऱ्यांदा नापास करणारा कागद मंडळाच्या कपाटात आहे. त्यावर शेरा असा: 'रुग्णाची मान पूर्ण मोकळी झाली. तथापि उमेदवाराने क्रियेचं नाव सांगितलं नाही.' खाली परीक्षकाची सही आहे. डी. प्रुइट.